चावी कोणाकडे? सेफ्टीच्या कामाच्या नोंदी

४ जून
आजपासून सेफ्टीचं काम माझ्याकडे. मागितलं नव्हतं, मीटिंगला पाच मिनिटं उशिरा पोचले तेवढ्यात ठरून गेलं होतं. सर म्हणाले तू स्टोअर बघतेस, तुला कोपरान् कोपरा माहीत आहे, दोन महिन्यांत सगळं लाईनवर आण. आम्ही पॅकिंगचं मटेरियल बनवतो, पुठ्ठा, फोम, चिकटपट्टी, वर थिनरचे डबे, म्हणजे पेटायला जे जे लागतं ते सगळं एकाच छपराखाली. दिवसपाळीला ४५ च्या आसपास माणसं, रात्री १५.

जुनी सेफ्टी फाईल काढली. छान बाइंडिंग, रंगीत नकाशा, पण आग लागली तर ज्यांना फोन करायचा त्या यादीतली पहिली तीन माणसं कधीच नोकरी सोडून गेलेली. नकाशात मागचा दरवाजा दाखवलाय तिथे आता फोमचे रोल आहेत असं वाटतंय, बघावं लागेल. फाईलीत जे लिहायचं ते फाईलीत लिहीनच, ही वही वेगळी, इथे जे दिसलं तेवढंच.

५ जून
राउंड मारला. एक्स्टिंग्विशर (आग विझवायचे सिलेंडर) कागदावर १४, सापडले १२. तेरावा कुठे होता तर जिन्याच्या फायर डोअरला टेकू म्हणून. ते दार आपोआप बंद होतं, धूर जिन्यात शिरू नये म्हणूनच तसं बसवलेलं असतं, पण येताजाता त्रास होतो म्हणून कायमचं उघडं. एकाच फटक्यात दोन गोष्टी बाद करायची ही कला आमच्याकडे कुणी आणली कोण जाणे. चौदावा रॅकमागे, त्याच्या नळीवर टॉवेल वाळत घातलेला.

पावडरवाल्यांचा काटा हिरव्यात दिसला की सगळे खूष, पण काटा फक्त प्रेशर सांगतो, आत पावडरीचा गोळा झाला असेल तर ते नाही सांगत. मेंटेनन्सच्या दादांनी युक्ती दाखवली, सिलेंडर उलटा करायचा नि कान लावायचा, आत पावडर सरकलेली कळली पाहिजे. दोन मुके निघाले. सीओटूवाल्याला (आत कार्बन डायऑक्साईड गॅस) तर काटाच नसतो, तो वजनावर कळतो, रिकाम्याचं वजन अंगावरच ठोकलेलं असतं. डिस्पॅचच्या वजनकाट्यावर चढवले तर एकात साडेचार किलो गॅस पाहिजे तिथे तीनच्या पण आत. १० टक्क्यांच्या वर घटला की भरून आणायचा असतो. ह्याच्या कार्डावर गेल्या महिन्याची सही आहे, शेजारी "ओके". सही कुणाची ते ओळखलंय, लिहीत नाही.

८ जून
मागचा दरवाजा. रोल हलवायला दोन माणसं आणि ४० मिनिटं लागली, मागे दरवाजा, दरवाज्याला कडी, कडीला मुठीएवढं कुलूप. चावी कोणाकडे? सुपरवायझर म्हणाले वॉचमन काकांकडे. काकांना बोलावलं, त्यांनी कमरेचं जुडगं काढलं, वीसेक चाव्या, ही का ती करत सापडली. मी घड्याळ लावलं होतं, ५० सेकंद. हे भर उजेडात, काका दारासमोर शांतपणे उभे असताना. म्हटलं काका, तुम्ही जेवायला गेला असाल तेव्हा? "तेव्हा चावी पण जेवायला गेलेली असते की," असं म्हणून हसले, आणि मग एकदम गप्पच झाले.

कुलूप का, तर मागून माल जातो म्हणून. दोन वर्षांपूर्वी टेपचे बॉक्स गेले होते, म्हणजे कारण खोटं नाहीये. रात्री न्यूयॉर्कच्या ट्रायँगल शर्टवेस्ट कारखान्याच्या आगीबद्दल वाचत बसले. २५ मार्च १९११, १४६ जण गेले, बहुतेक शिवणकाम करणाऱ्या तरुण मुली. नवव्या मजल्यावर एका जिन्याचं दार कुलपात होतं, कारण मुली माल लपवून नेतील, सगळ्यांना एकाच दाराने सोडलं की पर्स तपासता येतात. आणि चावी ज्या फोरमनकडे होती तो दुसऱ्या वाटेने आधीच बाहेर पडलेला. आमच्या सुपरवायझरने सकाळी मला जे कारण दिलं ते ह्याच्यावरून उतरवून घेतल्यासारखं होतं. झोप काही नीट लागली नाही.

१२ जून
पहिलं मॉक ड्रिल, कुणाला न सांगता. ११:१० ला भोंगा दाबला आणि निम्मे लोक हात पुसत निवांत निघाले, कारण मधल्या सुट्टीचा भोंगा आणि आगीचा भोंगा एकच! इतकी वर्षं हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. सगळे बाहेर यायला ७ मिनिटं २० सेकंद.

मागचा दरवाजा मी मुद्दाम आधीच उघडून ठेवला होता. तिथून बाहेर पडलेले शून्य. फोमवाल्यांना तो दहा पावलांवर, तरी ते अख्खी शेड ओलांडून पुढच्या गेटला आले. माणूस ज्या दाराने रोज आत येतो त्याच दाराकडे पळतो, दुसरं दार त्याच्या डोक्यातच नसतं. २००३ मध्ये अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या एका नाईटक्लबला आग लागली त्यात १०० माणसं गेली, तिथेही दुसरी दारं होती पण गर्दी वळली ती मुख्य दाराकडे आणि त्या दारातच माणसं एकावर एक पडून वाट बंद झाली.

आणि हेडकाउंट, तो तर तमाशाच. हजेरी थंब मशीनवर, मशीन आत, ड्रिल म्हणून मेन बंद केलेला त्यामुळे कॉम्प्युटर पण बंद. यादी आणायला एक जण परत आत निघाला, मी ओरडले, आगीतून यादी आणायला चाललास का. तोंडी मोजलं तीनदा, ४३, ४६, ४४. दोन ट्रक ड्रायव्हर, एक प्रिंटर रिपेअरवाला आणि इंटरव्ह्यूला आलेला एक मुलगा, हे चौघं कुठल्याच हजेरीत नाहीत. तो मुलगा शेवटपर्यंत रिसेप्शनला बसून होता, त्याला वाटलं आपलीच काहीतरी परीक्षा चाललीये.

१३ जून
सुट्टीला घंटा, आगीला भोंगा. ठरलं. रोज सकाळी हजेरीची प्रिंट गेटवरच्या पॅडला, बाहेरच्यांचं रजिस्टरही गेटवर, दोन्ही उचलून असेंब्ली पॉइंटला (बाहेर सगळ्यांनी जमायची जागा) आणायचं काम काकांचं.

१६ जून
सरांबरोबर दीड तास, विषय कुलूप. माझं म्हणणं पॅनिक बार लावू, दाराला आतून आडवी दांडी असते, अंगाने ढकललं की उघडलं, चावी नको, उजेड नको, मागून रेटणारी गर्दी असली तरी चालतं. बाहेरून मात्र उघडत नाही, आणि दार उघडलं की बोंबलणारा छोटा अलार्म बसवता येतो, म्हणजे चोरीचंही बघितलं जातं. योगायोग असा की तारीख आजचीच होती, १६ जून १८८३, इंग्लंडमध्ये संडरलँडच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांचा खेळ संपला, खाली बक्षिसं वाटताहेत कळल्यावर गॅलरीतली मुलं जिन्याने धावली, आणि खालचं दार एका वेळी एकच मूल निघेल एवढीच फट ठेवून कडी घातलेलं. १८३ मुलं. ही ढकलायची दांडी त्या धक्क्यातूनच पुढे आली. सर म्हणाले तू मला घाबरवतेयस का. म्हटलं हो. मंजूर झालं.

२१ जून, घरी
रात्री दहाला म्हटलं चला, धूर झालाय, लाईट गेलीये, सगळ्यांनी बाहेर. नवरा हसायलाच लागला. आमच्या दाराला आतून ग्रिल, रात्री त्याला कुलूप, चावी "नेहमीच्या जागी". ती जागा नवऱ्याची फ्रीजवर, माझी ड्रॉवरमध्ये, आईंची (सासूबाई) उशीखाली, आणि खरी चावी निघाली मुलाच्या दप्तरात कारण तो सगळ्यात शेवटी आत आला होता. चार मिनिटं. कामावर ज्या कुलपावर दीड तास भाषण दिलं त्याचा धाकटा भाऊ घरी मी स्वतःच्या हाताने रोज लावत होते.

आई म्हणाल्या कुलूप काढलंत तर मला झोप नाही लागायची. तेही बरोबर आहे, त्या दिवसभर एकट्या असतात. मग असं ठरलं की आतून बोटांनी फिरवायचा लॅच बसवायचा आणि बाहेरून हात घालून फिरवता येऊ नये म्हणून तेवढ्या भागाला पत्रा. तोवर चावी दाराजवळच्या खुंटीला, जो हलवेल त्याने आठवडाभर भांडी घासायची.

गरम धूर वर चढतो, श्वास घेण्यासारखी हवा असलीच तर जमिनीलगत, म्हणून रांगत निघायचं. मुलगा खुशीत रांगला. आई म्हणाल्या माझे गुडघे कोण देणार. हे मला सुचलंच नव्हतं, सगळ्या पोस्टरवर रांगणारी माणसं तरुण असतात. आईंची खोली बदलली, दाराला लागून असलेली त्यांना दिली, आणि त्यांना बाहेर काढायचं काम नवऱ्याचं, तो नसेल तेव्हा माझं. आता तो हसत नव्हता.

२६ जून
होता होता राहिलं.

कन्व्हेयर अडकला. मेंटेनन्सच्या दादांनी मेन खाली केला, गार्ड काढला आणि कोपरापर्यंत हात आत घालून रोलरला गुंडाळलेली पट्टी ओढत होते. दुसऱ्या टोकाला नवीन पोरगा, त्याला लाईन बंद दिसली, त्याला शिकवलेलं काय तर ट्रिप झालं की स्विच वर करायचा, त्याने केला. पट्टा वीतभर सरकला, दादांनी हात झटकन ओढला पण ग्लोव्ह आत गेला. तो पलीकडून बाहेर आला तेव्हा चपटा झाला होता, पाचही बोटं इस्त्री केल्यासारखी सरळ. दादा कुणावर ओरडले नाहीत, बाकावर जाऊन बसले, पाणी मागितलं, ग्लास दोन्ही हातांनी धरला. पोरगा रडत होता.

संध्याकाळी रिपोर्ट आला सहीला, कारण: "हेल्परचा निष्काळजीपणा". सही केली नाही. आत हात असताना स्विच वर होऊ शकत होता, कारण ते आहे. ग्लोव्ह पिशवीत घालून कपाटात ठेवलाय.

२ जुलै
लाल कुलपं आली, लॉकआऊट टॅगआऊटची. पद्धत काही अवघड नाही, मशिनीत हात घालणाऱ्याने मेन खाली करायचा, त्याला स्वतःचं कुलूप, नावाचा टॅग, चावी स्वतःच्या खिशात, आणि मग स्टार्टचं बटण दाबून बघायचं की मशीन खरंच मेलीये ना. हे शेवटचं लोक विसरतात. दोघं काम करत असतील तर दोन कुलपं, त्यासाठी बऱ्याच भोकांचा एक चिमटा मिळतो, शेवटचं कुलूप निघेपर्यंत स्विच हलत नाही. नुसती वीज तोडून पण भागत नाही, लाईनमधली हवा सोडायची, वर उचलून धरलेलं खाली टेकवायचं.

सर म्हणाले डुप्लिकेट चाव्या माझ्या ड्रॉवरला राहू दे, कुणी चावी खिशात घालून घरी गेला तर लाईन बंद ठेवायची का? सुपरवायझरने लगेच मला पकडलं, म्हणाले मॅडम महिनाभर तुम्हीच म्हणताय ना एका माणसाकडे चावी नको. बोलायला चांगलंच सापडलं सगळ्यांना. पण मला दोन्हीत एकच दिसतं, आत कोण अडकलंय ते बघायचं. दरवाज्याच्या आत कुणीही असू शकतो म्हणून तिथे चावीच नको, मशिनीच्या आत दादांचा हात आहे म्हणून चावी दादांकडेच. ड्रॉवरमध्ये डुप्लिकेट असली की गर्दीच्या दिवशी ती वापरली जाणार, हे सरांनाही माहीत आहे. शेवटी असं झालं की कुणी चावी घेऊन गेलाच तर आधी त्याला फोन, तो आवारात नाही आणि मशिनीजवळ कुणी नाही ह्याची खात्री, मग सुपरवायझरने कुलूप कापायचं, आणि दुसऱ्या दिवशी तो कामाला हात लावायच्या आधी त्याला सांगायचं. कापायला जीवावर येईल एवढं जाड कुलूप मागवलंय.

दादांनी पहिलं कुलूप स्वतः निवडलं.

७ जुलै
पॅकिंगच्या मावशींचा अंगठा कटरने कापला, चांगला खोल. फर्स्ट एड बॉक्सला कुलूप. चावी एचआरकडे, एचआर रजेवर. मी मटकन खालीच बसणार होते पण वेळ नव्हता. स्वच्छ कापड घडी करून घट्ट दाबून धरलं, दहा मिनिटं मध्ये न उघडता (सारखं उचलून बघितलं तर परत वाहायला लागतं), मग टाके घालायला नेलं. नंतर बॉक्स फोडला. पट्ट्या एकमेकींना चिकटलेल्या, मलमाची मुदत तीन वर्षांपूर्वी संपलेली, एक स्टेपलर आणि कुणाचं तरी जुनं बिल. कुलूप का, तर लोक पट्ट्या घरी नेतात. नेऊ देत की! आता प्लास्टिकची सील आहे, ओढली की तुटते, तुटलेली दिसली की मी बॉक्स तपासून भरते, एवढंच.

११ जुलै
ट्रेनिंग. सीपीआर (हृदय बंद पडलेल्याची छाती दाबायची) बाहुल्यावर, छातीच्या मधोमध, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. ऐकायला काही नाही, करून बघा. फोर्कलिफ्टवाला आमच्यातला सगळ्यात दांडगा, त्याचे दाब पण दोन मिनिटांत उथळ पडायला लागले, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. अंगठ्याला पट्टी असलेल्या मावशी मोजायला बसल्या, एकाही आकड्याला चुकल्या नाहीत. भाजल्यावर वाहतं साधं पाणी २० मिनिटं, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही. २० म्हणजे खरंच २०, नळाखाली उभं राहिल्यावर कळतं किती लांब असतात.

मग बाहेर मोकळ्यावर ट्रेमध्ये छोटी आग लावून एक्स्टिंग्विशर. पहिल्या तिघांनी ज्वाळेच्या शेंड्यावर मारलं आणि पावडर वाऱ्यावर गेली. सहा किलोचा सिलेंडर १५-२० सेकंदांत खलास होतो, विचार करायला वेळच नसतो, वारा पाठीवर घ्यायचा, बाहेर जायची वाट पाठीमागे ठेवायची, आणि बुडाशी झाडल्यासारखं मारायचं. एक संपला तरी आग आहे म्हणजे आता पळायचं, दुसरा शोधत फिरायचं नाही. सीओटूच्या कर्ण्याला हात लावू नका म्हणून दोनदा सांगितलं, गॅस बाहेर पडताना उणे ७८ अंशाला जातो, कातडी चिकटते.

१५ जुलै
अकाउंट्स. ऑर्डरी, पगार, सप्लायरचे नंबर, सगळं एका लॅपटॉपवर, पासवर्ड एकाच माणसाच्या डोक्यात, बॅकअप त्याच टेबलाच्या खणात. म्हणजे टेबल पेटलं की दोन्ही गेलं. आता तीन कॉप्या, त्यातली एक बाहेरच्या जागी, पासवर्ड बंद पाकिटात सरांच्या लॉकरला. तो माणूस माझ्याशी दोन दिवस बोलला नाही.

१९ जुलै, घरी
लॅच बसला. सिंकखाली ब्लीच आणि टॉयलेट क्लीनरचं ॲसिड एकाला एक टेकून ठेवलेलं, एकत्र झालं तर क्लोरीन गॅस, बाथरूमएवढ्या जागेत तो पुरे होतो. ॲसिड हलवलं. पिण्याचं पाणी माणशी रोज साधारण ४ लिटर, तीन दिवसांचं भरून ठेवलं. सगळ्यांच्या फोनच्या लॉक स्क्रीनवर रक्तगट, औषधं आणि घरचा नंबर दिसेल असं केलं, नाहीतर बेशुद्ध माणसाच्या फोनचं कुलूप कोण काढणार.

गॅसचा वास आला तर? मुलगा म्हणाला एक्झॉस्ट फॅन लावायचा. बरं झालं विचारलं. सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तळाला साचतो, आणि कुठल्याही बटणाच्या ठिणगीवर पेटू शकतो, चालू करताना पण आणि बंद करताना पण. बटणांना हात नाही, रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, सगळे बाहेर, फोन बाहेर गेल्यावर. आईंनी हे माझ्याकडून तीनदा म्हणून घेतलं आणि चौथ्यांदा मला म्हणून दाखवलं.

२४ जुलै
दुसरं ड्रिल. ३ मिनिटं ५ सेकंद. मागच्या दाराने १९ जण. मी मावशींना गुपचूप सांगून शेडमागे लपवलं होतं, हेडकाउंटला एक कमी येतंय हे काकांनी दोन मिनिटांत पकडलं, पण नेमकं कोण कमी हे कळायला आणखी चार. आता विभागवार याद्या, प्रत्येक विभागाने आपापली माणसं बघून सांगायची. मावशी परत आल्या त्या चिडून, एवढा वेळ लागला का माझी आठवण यायला.

३१ जुलै
रात्रपाळीचं ड्रिल, २:४० ला. भोंगा झाला, लोक बरोबर मागच्या दाराकडे गेले, पहिल्याने दांडी ढकलली, दार चार बोटं उघडलं आणि ठप्प. बाहेर माल उतरवायला आलेला ट्रक दाराला लावून उभा, ड्रायव्हर आत झोपलेला. माझ्या सगळ्या चेकलिस्टा दाराच्या आतल्या बाजूच्या होत्या.

लोक वळून पुढच्या गेटने आले, ४ मिनिटं ३०. ट्रकचा नंबर गेटच्या रजिस्टरला होता, तेवढं एक बरोबर. उद्या दाराबाहेर पिवळे पट्टे मारून घ्यायचेत आणि दोन लोखंडी खांब, पट्ट्यांवर गाडी लावतात, खांबांवर नाही लावत. पेंटर सोमवारी येतो म्हणालाय, मी शनिवार सांगितलंय.

काका पहाटे चावी घेऊन आले, मागच्या दाराच्या जुन्या कुलपाची. कुलूप महिन्यापूर्वीच भंगारात गेलंय. म्हटलं टाकून द्या. म्हणाले, रजिस्टरमध्ये लिहून घ्या आधी, माझ्या नावावर आहे ती.